ओळखीशिवाय निवाडा : वांग्याच्या पानावरचा एक प्रश्न

अल्लाहने या सृष्टीत जे काही निर्माण केले, त्यातील एकही वस्तू निरर्थक नाही, अशी आपली श्रद्धा आहे. जुम्माच्या खुत्ब्यात आपण हे ऐकतो, घरी मुलांना शिकवतो आणि प्रसंगी इतरांनाही सांगतो. मात्र सकाळी परसातल्या वांग्याच्या पानावर एखादा काळा, खरबरीत, ओंगळ दिसणारा किडा आढळला, की आपला अंगठा या श्रद्धेची वाट पाहत नाही. तो पुढे सरसावतो आणि क्षणार्धात निवाडा होऊन जातो. आरोपीचे नाव विचारले जात नाही, त्याचा गुन्हा कोणता हे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात या अंगठ्याविषयीच थोडा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी शेतीचा आहे. त्यामागचा प्रश्न मात्र ईमान, ज्ञान आणि उत्तरदायित्व यांचा आहे.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात माझ्या चाचांची थोडी बागायत जमीन आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी आणि बांधाला मका, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. काही वर्षांपूर्वी मी तेथे मुक्कामाला होतो. फज्रची नमाज आटोपून आम्ही वांग्याच्या वाफ्याकडे गेलो, तर चाचांचा दहा वर्षांचा नातू आमच्या आधीच तेथे पोहोचला होता. पाने उलटून तो किडे चिरडत होता आणि मोठ्या अभिमानाने मोजत होता. "दादाजान, आज तेवीस मारले!" असे तो म्हणाला. दुसऱ्या हातात त्याने एक काडेपेटी जपून धरली होती. तिच्यात तांबूस रंगाचे, पाठीवर काळे ठिपके असलेले तीन गोंडस भुंगेरे होते. ते दिसायला सुंदर, म्हणून त्याने पाळण्यासाठी राखून ठेवले होते.

त्याच दिवशी गावचे कृषी सहायक फेरीवर आले. त्यांनी चिरडलेल्या किड्यांचे अवशेष पाहिले, काडेपेटी उघडून पाहिली आणि हसू आवरत म्हणाले, "चाचा, पोराने मारली ती ढालकिड्याची पिल्ले होती, मावा खाऊन तुमचे पीक राखणारी. आणि पेटीत जपून ठेवलाय तो हड्डा भुंगेरा. तुमची वांग्याची पाने खरवडून खाणारा तोच."

चाचा काही बोलले नाहीत. मागच्याच आठवड्यात माव्यासाठी त्यांनी एका जहाल औषधाची फवारणी केली होती. दोन दिवस पाने स्वच्छ दिसली आणि त्यानंतर मावा पूर्वीपेक्षा दाट झाला. असे का झाले, याचा उलगडा त्यांना आता होत होता. फवाऱ्याने माव्याबरोबर माव्याचे भक्षकही मेले होते. मावा काही दिवसांत पुन्हा फोफावतो. त्याला खाणाऱ्यांची पिढी उभी राहण्यास मात्र वेळ लागतो. जे थोडे भक्षक वाचले होते, त्यांचा त्या सकाळी नातवाने निकाल लावला होता.

रात्री इशानंतर चाचांनी मला विचारले, "तू एवढी पुस्तके वाचतोस, सांग बरे. मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना जे हातून झाले, त्याचा जाब अल्लाह मला विचारील का?"

त्या रात्री मी त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. पुढे सवडीने जो विचार केला, तो वाचक बंधु-भगिनींसमोर ठेवीत आहे.

दिसणे आणि असणे

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. फुकहांनी एक मूलभूत तत्त्व मानले आहे की, एखाद्या गोष्टीविषयी हुकूम सांगण्यापूर्वी त्या गोष्टीचे स्वरूप नीट जाणले पाहिजे. स्वरूप चुकले की हुकूमही चुकतो. भाजीच्या झाडावर हे तत्त्व जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा बहुतेकांना ठाऊक असतो. मुले त्याला हातावर चालवतात. पण त्याची अळी कोणी ओळखत नाही. ती लांबट, करड्या-काळ्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि पाहणाऱ्याला इवल्याशा मगरीसारखी वाटणारी असते. हीच अळी शेकडो मावा फस्त करते. कुरूपतेमुळे ती मारली जाते. याउलट वांग्यावरील हड्डा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला, त्याच्यासारखाच ठिपकेदार आणि सुबक. परंतु तो पानाचा हिरवा भाग खरवडून खातो व मागे शिरांची जाळी तेवढी ठेवतो. दोघांतील फरक बारकाईने पाहणाऱ्यालाच कळतो. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. हड्डा भुंगेऱ्याची पाठ बारीक लवेमुळे निस्तेज आणि तांबूस दिसते. मित्र माव्याच्या गर्दीत सापडतो, हड्डा जाळी पडलेल्या पानावर सापडतो. म्हणजे चेहऱ्यापेक्षा कृती पाहिली की ओळख पटते.

नाशिकच्या द्राक्षबागांत याहून विलक्षण उदाहरण आहे. द्राक्षघडांत पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण शिरला की घड विक्रीयोग्य राहत नाही. त्याच्या बंदोबस्तासाठी क्रिप्टोलिमस नावाचा, मूळ ऑस्ट्रेलियातला भुंगेरा बागेत सोडतात. काळे अंग आणि नारिंगी डोके, असे या भुंगेऱ्याचे रूप. पण त्याच्या अळीच्या अंगावर पिठ्या ढेकणासारखेच पांढरे मेणचट तंतू असतात. शत्रूच्या वस्तीत शत्रूचाच पेहराव करून ती त्याला खाते. ज्या बागाईतदाराला हे ठाऊक नाही, तो स्वतः विकत आणून सोडलेल्या मित्रावर शत्रू समजून फवारा मारण्याची शक्यता असते. फरक एवढाच की ही अळी ढेकणापेक्षा आकाराने मोठी असते आणि चपळ चालते.

आणखी काही उदाहरणे पाहा. पिवळे-काळे पट्टे असलेली सिरफीड माशी मधमाशीसारखी दिसते, म्हणून लोक घाबरून तिला मारतात. तिला नांगी नसतेच, आणि तिच्या अळ्या मावा खातात. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला टांगलेली पांढुरकी अंडी दिसली, तर ती क्रायसोपा या हिरव्या, जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची असतात. एखाद्या मरगळलेल्या अळीच्या अंगावर किंवा तिच्याशेजारी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसले की लोकांना वाटते, या अळीने अंडी घातली. वस्तुतः अळी अंडी घालतच नाही. अंडी पतंग घालतो. ते कोष परोपजीवी गांधीलमाशीचे असतात. तिची पिल्ले त्या अळीच्या शरीरात वाढून बाहेर आलेली असतात. अशी अळी आता पिकाचे फारसे नुकसान करू शकत नाही, आणि त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या माश्या पुढील अळ्यांचा समाचार घेतात. त्याचप्रमाणे माव्याच्या थव्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतात. त्यांच्या आतही अशीच एक चिमुकली माशी वाढत असते. अशा वेळी फवारणी करणे म्हणजे उद्या बाहेर पडणारी कुमक आजच जाळून टाकणे होय.

शरीअतचा समतोल

आता हे पाहू की धर्म या विषयी काय शिकवतो. काहींचा समज असा की किडे ही क्षुद्र बाब आहे आणि धर्माचा तिच्याशी संबंध नाही. दुसरीकडे काही जण असे सुचवतात की दयेचा धर्म म्हटला तर कोणताच जीव मारता कामा नये. इस्लामचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे.

पवित्र कुरआनच्या तीन सूरहांना कीटकांची आणि कोळ्याची नावे आहेत : अन्-नह्ल म्हणजे मधमाशी, अन्-नम्ल म्हणजे मुंगी आणि अल्-अन्कबूत म्हणजे कोळी. सूरह अल्-अन्आममध्ये जमिनीवर चालणाऱ्या व पंखांनी उडणाऱ्या जीवांना मानवासारख्याच उम्मती, म्हणजे समुदाय, म्हटले आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की प्रत्येक वस्तू आपल्या निर्माणकर्त्याचा गौरव करीत असते, मात्र आपल्याला तो समजत नाही.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये एका पूर्वीच्या प्रेषितांचा वृत्तांत आला आहे. त्यांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळण्याचा आदेश दिला. त्यावर अल्लाहकडून त्यांना समज देण्यात आली की, एका मुंगीच्या चाव्यापायी अल्लाहचे स्तवन करणारा एक पूर्ण समुदाय नष्ट करण्यात आला. येथे आक्षेप कोणत्या गोष्टीवर आहे, याकडे लक्ष द्यावे. चावणाऱ्या एका मुंगीचा प्रश्न वेगळा होता. आक्षेप आहे तो दोषी आणि निर्दोष यांच्यात भेद न करण्यावर. सर्वांवर सरसकट एकच शिक्षा लादली गेली, हीच चूक होती. जे औषध मावा, ढालकिडा, मधमाशी आणि कोळी या सर्वांना एकाच वेळी मारते, ते वापरताना या वृत्तांताची आठवण कोणाला होणार नाही?

त्याच वेळी दुसरी बाजूही विसरता येत नाही. अबू दाऊद व इब्ने माजह यांच्या संग्रहांत मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी यांना मारण्यास मनाई असल्याची हदीस आहे. पण बुखारी व मुस्लिममध्येच कावळा, घार, विंचू, उंदीर व चावरा कुत्रा या पाच उपद्रवी जीवांना इहरामच्या अवस्थेतही मारण्याची मुभा दिली आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. शरीअत 'मारा' असेही सरसकट म्हणत नाही आणि 'मारू नका' असेही सरसकट म्हणत नाही. ती उपद्रव ओळखण्यास सांगते. आणि ओळखण्यासाठी ज्ञान लागते. म्हणूनच येथे कीटकाची ओळख ही केवळ कृषी खात्याची बाब राहत नाही. ती दीनच्या कक्षेत येते.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. हिजरी तिसऱ्या शतकातील बसऱ्याचे अल्-जाहिज यांनी प्राण्यांवर 'किताबुल हयवान' हा बहुखंडी ग्रंथ लिहिला आणि त्यात क्षुद्र मानल्या गेलेल्या जीवांतही निर्माणकर्त्याच्या खुणा शोधल्या. येमेनमधील खजूर उत्पादक डोंगरांतून विशिष्ट जातीच्या मुंग्यांची घरटी आणून आपल्या बागांत ठेवीत, म्हणजे त्या मुंग्या खजुरीवरील किडींचा फडशा पाडीत. फोर्सकॉल नावाच्या युरोपीय निसर्गशास्त्रज्ञाने ही पद्धत तेथे पाहून नोंदविली. त्याचा मृत्यू १७६३ मध्ये येमेनमध्येच झाला व त्याची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याला आज जैविक कीड नियंत्रण म्हणतात, ते त्या अरब शेतकऱ्यांना परंपरेने अवगत होते.

अज्ञानाची सबब

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळू. ठाऊक नसताना झालेल्या हानीचा जाब द्यावा लागेल काय?

सूरह अन्-नम्लमध्ये आदरणीय सुलैमान (अ.) यांच्या सैन्याचा प्रसंग आला आहे. सैन्य मुंग्यांच्या खोऱ्याशी येते, तेव्हा एक मुंगी आपल्या साथीदारांना बिळांत जाण्यास सांगते. नाही तर सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत त्यांना चिरडून टाकील. त्या 'नकळत' या शब्दावर अनेक भाष्यकार थांबले आहेत. एका इवल्याशा मुंगीने बलाढ्य सैन्याविषयी वाईट ग्रह करून घेतला नाही. हे लोक जाणूनबुजून आम्हाला मारणार नाहीत, एवढा विश्वास तिने दाखविला. आणि सुलैमान (अ.) यांनी काय केले? त्यांना तिची भाषा कळत होती. ते स्मित करून अल्लाहचे आभार मानू लागले आणि सत्कर्माची तौफीक मागू लागले. ज्ञान मिळाले, त्याच क्षणी 'नकळत' ही सबब संपली आणि जबाबदारी सुरू झाली.

यावरून उत्तराचे तीन भाग पडतात.

पहिला भाग दिलाशाचा आहे. चुकून झालेल्या कृतीबद्दल गुनाह नाही, हृदयाने जे हेतुपूर्वक केले त्याबद्दल आहे, असा आशय सूरह अल्-अह्जाबमध्ये आहे. चाचांच्या मनात जीवहत्येचा हेतू नव्हता. पीक वाचवून मुलाबाळांचे पोट भरण्याचा हेतू होता. अल्लाह क्षमाशील आहे.

दुसरा भाग जबाबदारीचा आहे. गुनाह माफ झाला म्हणजे परिणाम पुसला गेला, असे नव्हे. चुकून झालेल्या मनुष्यहत्येवरही शरीअतने रक्तमूल्य व प्रायश्चित्त ठेवले आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून चुकून फुटली, तरी भरपाई द्यावी लागते. कीटकांची भरपाई रकमेत होत नाही, हे खरे. पण ज्या जमिनीत आपण समतोल बिघडवला, तेथे तो पुन्हा प्रस्थापित करण्याचा यत्न करणे हीच तिची भरपाई. सूरह अर्-रहमानमध्ये अल्लाहने मीझान, म्हणजे तराजू, स्थापित केल्याचे आणि त्यात अतिक्रमण न करण्याचे सांगितले आहे. जमीन आपली मालमत्ता असली तरी अंतिमतः ती अमानत आहे.

तिसरा भाग सर्वांत अवघड आहे. जे ज्ञान जवळच उपलब्ध आहे, ते न मिळवणे हे अज्ञान आहे की बेपर्वाई? अबू दाऊदच्या संग्रहात एका प्रवासाचा वृत्तांत आहे. एका सोबत्याच्या डोक्याला जखम झाली होती आणि त्याला स्नानाची गरज पडली. साथीदारांनी नीट माहिती नसताना त्याला सांगितले की तुला सवलत नाही, स्नान करावेच लागेल. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, असा त्यांचा आशय होता. अज्ञानाच्या रोगावर विचारणे हाच उपाय आहे, हे त्यांनी समजाविले. तेथे अज्ञान ही सबब म्हणून स्वीकारली गेली नाही, कारण विचारण्याचा मार्ग खुला होता.

आपल्यासाठीही तो मार्ग खुला आहे. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तालुक्याला कृषी कार्यालय व गावाला सहायक कृषी अधिकारी आहे. आता तर मोबाईलवर छायाचित्र काढून जाणकाराला दाखवता येते. सूरह बनी इस्राईलमध्ये बजावले आहे की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांविषयी विचारणा होणार आहे. डोळ्यांविषयीची विचारणा केवळ निषिद्ध गोष्टी पाहण्यापुरती का समजावी? जे पाहायला हवे होते ते न पाहण्याविषयीही ती असू शकते.

मित्र, शत्रू आणि तिसरा वर्ग

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. कीटकांना मित्र आणि शत्रू म्हणणारे आपण कोण? ही वाटणी तर आपल्या फायद्याच्या हिशेबाने केलेली आहे.

शंका रास्त आहे, आणि शेताचा अनुभवही तिला दुजोरा देतो. २०१४ मध्ये पुण्याजवळ टोमॅटोवरील टूटा ही परदेशी नागअळी भारतात प्रथम आढळली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. तिची अंडी आणि पांढरी माशी खाणारा एक छोटा हिरवा ढेकूण टोमॅटोवर आढळतो. भक्ष्य भरपूर असेल तोवर तो मित्र असतो. भक्ष्य संपले की तोच टोमॅटोच्या कोवळ्या देठांतून रस शोषतो आणि देठावर तपकिरी कडी उमटतात. मुंगी जमीन भुसभुशीत करते, मेलेले किडे उचलून नेते. पण माव्याच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी ती माव्याचे रक्षणही करते. मावा पूर्णपणे संपवला, तर ढालकिडा उपाशी राहून निघून जातो. म्हणजे शत्रू थोडा शिल्लक राहणे ही मित्राच्या मुक्कामाची अट आहे. कृषिशास्त्र म्हणूनच आर्थिक नुकसानीची पातळी मोजण्यास सांगते. कीड दिसली एवढ्यावरून फवारणी करावयाची नसते. तिच्यापासून होणारे नुकसान तिच्या बंदोबस्ताच्या खर्चाहून जास्त होणार असेल, तेव्हाच पाऊल उचलावयाचे. दोषाच्या प्रमाणात शिक्षा, हे न्यायाचे तत्त्व येथे हिशेबाच्या रूपात दिसते.

परंतु खरी कसोटी तिसऱ्या वर्गाची आहे. झाडावर बसलेल्या कित्येक कीटकांचे आपल्या पिकाशी ना वैर असते ना मैत्री. कोणी सावलीला थांबलेला असतो, कोणी परागकण टिपून जातो, कोणी वाळलेल्या पानावर गुजराण करतो. मित्रकीटक जपणे सोपे आहे, कारण त्यात लाभ आहे. शत्रूला आवरणे समजण्यासारखे आहे, कारण तेथे हानी आहे. पण जो आपल्या कामाचा नाही आणि वाईटावरही नाही, त्याला जगू देण्यात आपला काय फायदा? नेमके येथेच कळते की आपण अल्लाहच्या निर्मितीचा आदर करतो की केवळ आपल्या लाभाचा. नसाईच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे की, ज्याने चिमणीला निष्कारण मारले, त्याच्याविरुद्ध ती कियामतच्या दिवशी तक्रार करील. चिमणीची तक्रार 'मी उपयुक्त होते' अशी नाही. 'मला विनाकारण मारले' अशी आहे.

यासंबंधी मानवजातीला मोठे धडे मिळालेले आहेत. १९५८ मध्ये चीनमध्ये धान्य खाते म्हणून चिमणीला चार शत्रूंच्या यादीत घालून तिच्याविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडण्यात आली. चिमणी धान्याबरोबर किडेही खाते, हा विचार मागे पडला. चिमण्या कमी झाल्या आणि किडी वाढल्या. अखेर १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढावे लागले. ओळख न पटवता दिलेला निवाडा राष्ट्रालाही महाग पडतो.

पोटाचा प्रश्न आणि शेजाऱ्याचा हक्क

कोणी म्हणेल, हे सारे सुस्थितीत असलेल्यांचे विचार आहेत. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, ज्याचा टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कधी सोन्याच्या तर कधी मातीच्या भावाने जातो, त्याने भिंग घेऊन किडे पाहत बसावे काय?

हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. कुटुंबाचे पालनपोषण ही इबादत आहे, आणि पीक खाणाऱ्या किडीचा बंदोबस्त करण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे. गरज असेल तेथे औषधही वापरावे. त्यात गुनाह नाही. पण फवाऱ्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? अनावश्यक फवारणी टळली तर बचत त्याच गरीब शेतकऱ्याची होते. शिवाय विष केवळ कीटकांपर्यंत थांबत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. भाजीवर राहिलेला अंश खाणाऱ्याच्या घरी जातो. वाऱ्यावर उडालेला फवारा शेजाऱ्याच्या मधपेटीपर्यंत जातो. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याची हानी करू नये, हा शरीअतचा सर्वमान्य दंडक आहे. शेतात तो मोडला तर बाजारात त्याचे पालन कसे होईल?

माणसांविषयीचा निवाडा

या विषयाचा आणखी एक पदर आहे, आणि तो सांगितल्याविना लेख पूर्ण होणार नाही. नावावरून, पोशाखावरून, वस्तीवरून आपल्याविषयी मत बनवले जाते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. भाड्याचे घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत, प्रवासात तो येतो आणि जिव्हारी लागतो. आपल्याला वाटते, या माणसाने क्षणभर थांबून आपली कृती पाहिली असती, तर असे बोलला नसता. ही वेदना खरी आहे. परंतु ज्याला ती ठाऊक आहे, त्याच्यावर अधिक मोठी जबाबदारी येते. सूरह अल्-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आणि बहुतेक संशयांपासून दूर राहण्याचा जो आदेश आहे, तो प्रथम आपल्यालाच उद्देशून आहे. दुसऱ्या मसलकच्या माणसाविषयी, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याविषयी, घरात नव्याने आलेल्या सुनेविषयी, भंगार गोळा करणाऱ्या मुलाविषयी आपण किती वेळ थांबतो?

अर्थात माणूस आणि कीटक यांची बरोबरी करावयाची नाही. कीटकांत 'कीड' असा एक वर्ग मानावा लागतो. माणसांत असा कोणताही वर्ग नाही. इतिहासात जेव्हा जेव्हा एखाद्या समाजाला कीड म्हटले गेले, तेव्हा अत्याचाराची तयारी तेथूनच सुरू झाली. म्हणून तुलना निवाड्याच्या सवयीपुरतीच घ्यावी. जो हात पानावर थांबायला शिकतो, त्याची जीभ माणसांविषयी बोलतानाही थांबायला शिकते, असे मला वाटते.

समारोप

चाचांना मी पुढे एवढेच सांगितले की, कालच्या अज्ञानाबद्दल अल्लाहकडे क्षमा मागावी. उद्यापासून मात्र ती सबब आपल्याजवळ राहिलेली नाही. ते म्हणाले, "मग उद्यापासून पान उलटून बघू." त्यांनी शेतात काही साधे बदल केले. टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालण्यासाठी झेंडूकडे वळतो. बांधावर मक्यासोबत चवळी घेतली, म्हणजे तिच्यावरील माव्याच्या आशेने ढालकिडे तेथे वस्तीला राहतात. निंबोळी अर्काने भागेल तेथे जहाल औषध टाळले. औषध वापरावेच लागले तर मधमाश्या फुलांवर असण्याची सकाळची वेळ सोडून सायंकाळची वेळ धरली. किडी पूर्णपणे गेल्या नाहीत. त्या जायच्याही नव्हत्या. फवारण्या मात्र कमी झाल्या.

नातवाला त्यांनी एक स्वस्तातले भिंग आणून दिले. तो अजूनही मोजतो. आता मारलेले मोजत नाही, ओळखलेले मोजतो. एका सकाळी त्याने मला एक पान दाखवले आणि विचारले, "चाचू, हा कोणता?" मला सांगता आले नाही. तो म्हणाला, "मग राहू दे. आधी विचारू."

बुखारी व मुस्लिमच्या एका प्रसिद्ध हदीसनुसार, मुसलमान जे झाड लावतो किंवा जे पीक पेरतो, त्यातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने जे खाल्ले, ते त्याच्यासाठी सदका ठरते. वांग्याच्या एका पानाचा तुकडा कुरतडून गेलेल्या अनोळखी किड्याचे नावही कदाचित या सदक्याच्या हिशेबात असेल. ते आपल्याला ठाऊक नाही. अल्लाहला ठाऊक आहे.

अल्लाह आपल्याला वस्तू जशा आहेत तशा पाहण्याची दृष्टी देवो, नकळत घडलेल्या चुका माफ करो आणि कळल्यानंतर त्याप्रमाणे वागण्याची तौफीक देवो. आमीन.